वन्यप्राण्यांची जुनी सचित्र पुस्तकं जमवायची आहेत? आधी एक गवा निवडा

१५१५ च्या जानेवारीत गोव्याहून एक गेंडा जहाजात चढवला गेला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने तो गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरला, अफोन्सो द अल्बुकर्कला, भेट दिला होता आणि अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे, पोर्तुगालच्या मॅन्युएलकडे धाडला. २० मे रोजी तो लिस्बनला उतरला. जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गमध्ये बसलेल्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकाराने हा गेंडा कधीच पाहिला नाही. तिथवर आलेलं एक पत्र आणि एक रेखाटन एवढ्यावरून त्याने लाकडी ठसा तयार केला. त्यात अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, आणि मानेच्या मागे, खांद्यावर, एक जादा छोटं शिंग आहे. ते शिंग कुठल्याही गेंड्याला तिथे नसतं. तरी दोनशेहून अधिक वर्षं युरोपातले चित्रकार ते काढत राहिले, कारण जो तो आधीच्या चित्रावरून चित्र काढत होता. १७४१ मध्ये बंगालकडची एक गेंडीण हॉलंडला पोचली, गावोगाव फिरवली गेली, लोकांनी ती डोळ्यांनी पाहिली, आणि मग कुठे ते शिंग हळूहळू पुस्तकांतून गळलं.

हा गेंडा गोव्याहून निघाला म्हणून मला जवळचा वाटतोच, पण जुन्या प्राणीपुस्तकांचा संग्रह करू पाहणाऱ्याला मी त्याची गोष्ट सगळ्यात आधी सांगतो त्याचं कारण वेगळं आहे. या पुस्तकांतलं प्रत्येक चित्र काढणाऱ्याने प्राणी कुठे पाहिला, हा प्रश्न ज्याला पडतो त्याचा संग्रह वाढत जातो. ज्याला तो पडत नाही, त्याच्याकडे भिंतीवर लावायच्या तसबिरी तेवढ्या जमतात.

पहिली पायरी: एकच प्राणी धरा

‘मला जुनी प्राण्यांची पुस्तकं गोळा करायची आहेत’ असं म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी विचारतो, कुठला प्राणी? नवख्याचा पैसा सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. सिंह, जिराफ, ध्रुवीय अस्वल, जे सुंदर दिसेल ते घेतलं जातं आणि दोन वर्षांनी कपाटात एकमेकांशी बोलणारी दोन पुस्तकं नसतात.

आपण गोव्यात राहतो. मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं घरापासून तासा-दोन तासांवर आहेत. इथे जो प्राणी खरोखर पाहता येईल तो निवडा. मी गवा निवडला. तो गोव्याचा राज्यप्राणी आहे, सत्तरीच्या काजूबागायतीत उतरतो, आणि पहाटे मोल्याच्या रस्त्याला थोडी चिकाटी धरली तर दिसतो. पायांतले पांढुरके मोजे, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला उंच कणा, पिवळसर राखाडी शिंगांची काळी टोकं. हे एकदा डोळ्यांत बसलं की जुन्या चित्रातला गवा जिवंत जनावरावरून काढला आहे की लंडनच्या एखाद्या संग्रहालयात भुसा भरून उभ्या केलेल्या कातड्यावरून, हे पाहताक्षणी जाणवायला लागतं. भुसा भरलेल्याचं पोट पिंपासारखं गोल असतं आणि पाय खांबासारखे. एखाद्याने शेकरू घ्यावं, एखाद्याने खवले मांजर, चोडण-दिवाडीकडच्या माणसाने पाणमांजर. अस्वलही छान आहे. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाची लांब नखं पाहून त्याला ‘स्लॉथ’ या दक्षिण अमेरिकी झाडावरच्या प्राण्याच्या गटात घातलं होतं. इंग्रजीत ते अजून ‘स्लॉथ बेअर’ आहे, त्याचं मूळ हे. अस्वल धरणाऱ्याला ही चूक पुस्तकापुस्तकांतून कशी सुधारत गेली ते शोधता येईल.

प्राणी ठरला की त्याची जुनी नावं एका वहीत उतरवा. नावं माहीत नसतील तर जुन्या पुस्तकाच्या सूचीत तुमचा प्राणी सापडणारच नाही. गव्याला शास्त्रीय नाव चार्ल्स हॅमिल्टन स्मिथने १८२७ मध्ये दिलं, पण एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत तो ‘गॅव्हियस गॉरस’ म्हणून येतो आणि शिकाऱ्यांच्या पुस्तकांत सरसकट ‘बायसन’ म्हणून. शेकरू ‘सायुरस’ या साध्या खारीच्या गटात सापडेल. बिबट्या एका पानावर ‘पँथर’, पुढच्या पानावर ‘लेपर्ड’ असतो. रानकुत्र्याची गोष्ट तर आपल्या घरची आहे. मुंबईच्या फौजेतल्या विल्यम साइक्सने १८३१ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं ‘कॅनिस दुखुनेन्सिस’. ‘दुखुन’ म्हणजे दख्खन. शेजारीच त्याने नोंदवलं की मराठे याला ‘कोलसून’ म्हणतात. आपला कोळसून, कोळसुंदा, लॅटिनच्या बाजूला छापला गेलेला पाहून मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. या काळातल्या इंग्रजी पुस्तकांत प्राण्याच्या शास्त्रीय नावाखाली हिंदी, मराठी, कानडी, तेलुगू नावांची ओळ असते. ती वाचायला विसरू नका.

दुसरी पायरी: खरेदी नको, भिंग घ्या

पहिले सहा महिने पुस्तक घेऊ नका. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग घ्या आणि घरातलंच छापील पाहायला लागा. जुनं चित्र कसं छापलं हे ओळखता आलं, की पुस्तकाचा काळ, किंमत आणि खरेपणा यांतली अर्धी लढाई जिंकली.

आजचं वर्तमानपत्र घ्या. फोटोवर भिंग धरलं की ओळीत मांडलेले ठिपके दिसतात. हे हाफटोन. ते १८८० नंतर पसरलं. म्हणजे ‘अठराव्या शतकातलं वाघाचं चित्र’ म्हणून कुणी दाखवलं आणि भिंगाखाली असे शिस्तीत ठिपके दिसले, तर ते पुढच्या काळातलं पुनर्मुद्रण आहे. बोलणं तिथेच थांबवा.

आता शंभराची नोट. गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, शाई उंचावलेली लागते. पत्र्यात खोल कोरलेल्या रेघांत शाई भरून, कागद जोराने दाबून ती छपाई होते. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली जुनी चित्रं याच जातीची. कागद ओला करून पत्र्यासकट दाबत, म्हणून पत्र्याच्या कडेचा चौकोनी दाब चित्राभोवती कागदावर राहतो. पान तिरपं धरून उजेडात पाहिलं की तो दिसतो. १८२० नंतर पोलादी पत्रे आले आणि रेघा केसासारख्या बारीक झाल्या.

घरात रविवर्म्याच्या छापखान्यातली एखादी लक्ष्मी किंवा सरस्वती असेल तर ती भिंतीवरून उतरवा. ती शिळाछाप. दगडावर चित्र काढून, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापलेली. भिंगाखाली ठिपके दिसतील, पण वेडेवाकडे, हाताने टाकलेले, वर्तमानपत्रासारखे कवायतीत उभे नाहीत. एका रंगातली शिळाछाप खडूच्या रेघेसारखी दाणेदार दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरची उत्तम प्राणीचित्रं अशा एकरंगी छापावर हाताने जलरंग भरून केलेली आहेत. हाताने भरलेला रंग रेघेबाहेर किंचित सांडतो, कुंचल्याचा ओघ दिसतो, आणि त्याच पुस्तकाच्या दोन प्रतींत एकच वाघ दोन छटांचा निघतो.

लाकडी ठशाचं वेगळं. ठसा अक्षरांच्या खिळ्यांसारखा उठावाचा असल्याने मजकुराबरोबरच छापता येतो. म्हणून ही चित्रं त्याच पानावर, ओळींच्या मध्ये बसलेली असतात. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये टॉमस ब्यूइकने १७९० मध्ये चतुष्पाद प्राण्यांवर पुस्तक काढलं, त्यात त्याने बॉक्सवूड या घट्ट लाकडाचा आडवा छेद घेऊन इतक्या बारीक पांढऱ्या रेघा काढल्या की ठशाची कला नव्याने उभी राहिली. त्यातही गंमत तीच. त्याच्या गावची जनावरं पाहिलेली आणि जिवंत, परदेशची बहुतेक फ्रान्सच्या ब्युफाँ या निसर्गअभ्यासकाच्या ग्रंथातल्या चित्रांवरून घेतलेली.

रंग जुना की काल भरलेला? पानाची पाठ पाहा. जुन्या काळचा तांब्यापासून केलेला हिरवा रंग वर्षानुवर्षं कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटवतो. गवत आणि झाडं हिरवीगार, पण पाठ कोरी पांढरी असेल तर शंका घ्या. समोरच्या पानावर चित्राची फिकट सावली उतरलेली असेल तर ते चित्र तिथे फार काळ आहे, हे चांगलं चिन्ह.

तिसरी पायरी: कुठल्या पुस्तकांपासून सुरुवात

मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये काढलेलं एस. एच. प्रेटरचं भारतीय प्राण्यांचं पुस्तक आधी घ्या. ते पुरातन नाही. पण सस्तन प्राण्यांचा सोपा, विश्वासाचा आधार म्हणून ते टेबलावर हवं, आणि नंतरच्या आवृत्त्या सहज मिळतात. पहिली आवृत्ती चांगल्या स्थितीत दिसली तर ती संग्रहात ठेवा.

मग १८८४ चा स्टर्नडेल, कलकत्त्याच्या थॅकर स्पिंकने छापलेला. भारत आणि सिलोनच्या सस्तन प्राण्यांवरचं हे पुस्तक मध्य प्रांतात सिवनीला जंगलात राहिलेल्या माणसाने लिहिलं आणि त्यातली काही चित्रं त्यानेच काढली. त्याच्यापेक्षा सुबक चित्रं पुष्कळांनी काढली असतील, पण याने जनावर चालताना पाहिलं होतं. नवख्यासाठी याहून चांगलं पहिलं जुनं पुस्तक मला ठाऊक नाही. १८९४ मध्ये ‘एहा’ म्हणजे एडवर्ड एटकेनचं, आपल्या शेजारच्या कारवारकडच्या रानावरचं पुस्तक आलं, त्यातलीही चित्रं स्टर्नडेलची. एटकेन जन्माने साताऱ्याचा. याच दोघांनी १८८६ मध्ये मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकाचं पहिलं संपादन केलं. त्यामुळे ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की बरी दिसतात.

त्यानंतर ब्लॅनफर्ड. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले सस्तन प्राण्यांचे दोन भाग, १८८८ आणि १८९१. चित्रं साधी, मजकुरातली, पण कवटी-दातांचे तपशील अचूक. इथे एक खड्डा आहे, तो ध्यानात ठेवा. याच मालेत १९३९ आणि १९४१ मध्ये पोकॉकने नवी आवृत्ती केली. तीही दोन खंडांची, म्हणून विकणारे ‘संपूर्ण संच’ म्हणतात. पण पोकॉकच्या खंडांत माकडं आणि मांसभक्षक एवढेच आहेत. गवा नाही, शेकरू नाही. गव्यासाठी ब्लॅनफर्डचाच दुसरा भाग लागतो. जर्डनचं भारतातल्या सस्तन प्राण्यांवरचं, १८६७ चं रुरकीला छापलेलं पुस्तक अभ्यासाला मोलाचं आहे, मात्र त्यात चित्रं नाहीत. सचित्र संग्रहात ते आधाराला म्हणून ठेवा.

हाताने रंगवलेलं काही हवंच असेल तर विल्यम जार्डिनच्या ‘नॅचरलिस्ट्स लायब्ररी’चा एखादा सुटा खंड शोधा. १८३३ ते १८४३ या काळात एडिंबरोहून या मालेचे ४० खंड निघाले. खिशात मावतील एवढे लहान, चित्रं पोलादी पत्र्यावर लिझार्सच्या छापखान्यात कोरलेली आणि हाताने रंगवलेली. मध्यमवर्गाला परवडावी म्हणूनच ही माला काढली होती, खूप छापली गेली, म्हणून आजही सुटे खंड मिळतात. मार्जारकुळाचा खंड आहे, आणि कुत्र्यांचे खंड गव्याला नाव देणाऱ्या त्याच हॅमिल्टन स्मिथने लिहिलेले आहेत.

१८०७ चं विल्यमसनचं हिंदुस्थानातल्या शिकारीवरचं ४० रंगीत चित्रांचं, हार्डविक आणि ग्रे यांचं भारतीय प्राण्यांवरचं २०२ चित्रांचं, एलियटचं मांजरकुळावरचं जोसेफ वुल्फच्या ४३ चित्रांचं, ही पुस्तकं स्वप्नातली. ती पाहायला मिळतील तिथे पाहा. घेण्याची घाई नको.

पुनर्मुद्रणांना नाक मुरडू नका. दिल्लीच्या प्रकाशकांनी यातल्या कित्येकांची नक्कल-आवृत्ती काढली आहे. वाचायला ती, जपायला मूळ. फक्त नक्कल मूळ म्हणून विकत घेऊ नका. शीर्षकपृष्ठावरचा सन बऱ्याचदा रोमन आकड्यांत असतो, त्याची सवय करा: एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०. शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला नव्या छपाईचं साल बारीक अक्षरांत दिलेलं असतं, तेही पाहा.

चौथी पायरी: पुस्तक हातात आलं की

मुखपृष्ठ पाहू नका, चित्रं मोजा. सुरुवातीला चित्रांची यादी असते. यादीतलं एकेक नाव वाचायचं, पान उलटायचं, बोट ठेवायचं. जुन्या बांधणीत कधी सगळी चित्रं शेवटी एकत्र बांधलेली सापडतात, म्हणून जागेवर नाही म्हणजे गेलं असं लगेच समजू नका. जार्डिनच्या खंडात रंगीत प्राण्यांशिवाय एका शास्त्रज्ञाचं चित्र आणि एक कोरीव सजावटीचं शीर्षकपान असतं, तेही मोजायचं. मग मजकुराची पानं. दर काही पानांनी तळाशी एक बारीक अक्षर छापलेलं असतं, ए, बी, सी असं. ती बाइंडरची खूण. क्रम तुटला तर मधली घडी गेली.

समोर प्रत नसेल, छायाचित्रांवरून घ्यायची असेल, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर बहुधा त्याच आवृत्तीची पूर्ण प्रत फुकट पाहायला मिळते. ती उघडी ठेवून विकणाऱ्याला नेमकं विचारा: यादीतली सगळी चित्रं आहेत का, प्रत्येकाचा फोटो पाठवता का? मी जार्डिनचा एक खंड ‘पूर्ण’ एवढ्या एका शब्दावर घेतला होता. घरी मोजला तर तीन चित्रं नव्हती. ब्लेडने कापलेल्या पानांची अर्धा सेंटिमीटरची खुंटं शिवणीत तशीच होती. तेव्हापासून मी प्रत्येक पुस्तकाची शिवण बोटाने चाचपतो.

आता जे मला कळकळीने सांगायचं आहे ते. सुटी कापलेली चित्रं घेऊ नका. पर्यटकांच्या बाजारात, शहरांतल्या शोभेच्या दुकानांत, काळ्या चौकटीत मढवलेला एकोणिसाव्या शतकातला वाघ किंवा माकड असतं. ते बहुतेक वेळा एखाद्या चांगल्या पुस्तकातून कापलेलं असतं. एक पुस्तक फाडून तीस-चाळीस चित्रं विकली की पूर्ण पुस्तकापेक्षा जास्त पैसे मिळतात, म्हणून पुस्तकं फाडली जातात. चित्राबरोबरचा मजकूर, म्हणजे प्राणी कुठे पाहिला, कुणी धरला, स्थानिक लोक त्याला काय म्हणत, हे सगळं कचऱ्यात जातं. आपण एक चित्र घेतलं की पुढचं पुस्तक फाडायला पैसे दिले. कुणाकडे आधीच मोडलेली, पानं गळालेली प्रत असेल तर ती स्वस्तात, पण आहे तशी एकत्र घ्या. मोडकी प्रतही अभ्यासाला उपयोगी असते.

पाचवी पायरी: शोध

गोव्याची परिस्थिती महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहे. इथे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं, त्यामुळे जुन्या घरांतल्या कपाटांत इंग्रजी पुस्तकांपेक्षा पोर्तुगीज आणि फ्रेंच पुस्तकं जास्त निघतात. साष्टीतल्या एखाद्या मोठ्या घराची वाटणी होते, घर विकलं जातं, आणि पुस्तकं गोणीत भरून भंगारवाल्याकडे जातात. फ्रेंच येत नाही म्हणून सोडू नका. एकोणिसाव्या शतकात ब्युफाँच्या समग्र ग्रंथाच्या अनेक स्वस्त सचित्र आवृत्त्या निघाल्या, त्यातला एखादा खंड अशा गोणीत असू शकतो. प्राण्यांचं चित्र वाचायला भाषा लागत नाही, आणि मथळ्यापुरतं फ्रेंच आठवड्यात जमतं. घरमालकांशी बोलताना सौजन्य सोडू नका. पुस्तकांची किंमत त्यांना ठाऊक नसेल तर सांगा. फसवून घेतलेलं पुस्तक कपाटात सुखाने बसत नाही.

मुंबईला जाणं होत असेल तर फ्लोरा फाउंटनजवळच्या फुटपाथवरचे पुस्तकवाले आणि फोर्टमधली जुनी दुकानं यांच्यासाठी पूर्ण दिवस ठेवा. धावतपळत जाऊन रात्री परत फिरायच्या घाईत चांगलं पुस्तक हुकतं. पुण्याचे जुन्या पुस्तकांचे विक्रेते इंग्रजी शिकारपुस्तकं बाळगून असतात. दुकानदाराला आपला प्राणी सांगून ठेवा. ‘गव्यावरचं काहीही’ असं सांगणारं गिऱ्हाईक त्यांच्या लक्षात राहतं.

विकत घेण्याआधी पाहणं महत्त्वाचं, आणि ते पणजीतच शक्य आहे. पाटो इथलं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेचं आजचं रूप. पर्वरीला झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे. आधी परवानगी घ्या, पेन घरी ठेवा, पेन्सिल आणि स्वच्छ कोरडे हात न्या. इथे आणखी एका पुस्तकाचं दर्शन, निदान नक्कल-आवृत्तीत, घ्यावं असं मला वाटतं: गार्सिया द ओर्ताचे संवाद, गोव्यात १५६३ मध्ये छापलेले. विषय मुख्यतः औषधी वनस्पतींचा आणि प्राण्यांची चित्रं नाहीत, पण एका संवादात हस्तिदंत आणि हत्तीवर चर्चा आहे. हत्तीविषयी इथल्या भूमीवर राहून लिहिलेलं आणि इथेच छापलेलं. आपल्या छंदाचं मूळ गाव शोधायला फार लांब जावं लागत नाही.

सहावी पायरी: पावसाळा

मुंबई-दिल्लीच्या संग्राहकांनी दिलेले सल्ले इथे अपुरे पडतात. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर असतो. कागदाला साधारण ४५ ते ५५ टक्के मानवतो. ६५ च्या वर बराच काळ राहिलं की बुरशी जागी होते. म्हणून पहिली खरेदी पुस्तकाची असो वा नसो, आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आधी आणा. कपाटाच्या आत ठेवा, खोलीत नको.

कपाट कुठे ठेवावं? चिऱ्याची भिंत पाणी शोषते आणि दिवाळीपर्यंत सोडत राहते. पश्चिमेच्या, पावसाचा मारा घेणाऱ्या भिंतीला कपाट कधीच टेकवू नका. आतल्या भिंतीपाशी, वीतभर अंतर सोडून. लाकडी कपाटाचे पाय जमिनीवर नकोत, वाळवी तिथूनच चढते. पोलादी कपाट असेल तर बरं, पण ते घट्ट बंद ठेवलं की आत हवा कोंडते. आत सिलिका जेलच्या कापडी पुरचुंड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर कोरडे करून परत. पावसाळ्यात दर आठ दिवसांनी हे करावं लागतं, आणि ते करण्याची तयारी नसेल तर हाताने रंगवलेल्या पुस्तकाच्या मागे लागू नका.

आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखक एक श्लोक लिहीत: ‘तैलाद् रक्षेत् जलाद् रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्, मूर्खहस्ते न दातव्यम् एवं वदति पुस्तकम्’. तेल, पाणी, सैल बांधणी आणि अडाणी हात, या चारांपासून पुस्तकाला जपा. चारही शत्रू आजही तेच आहेत.

वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा पाला आपल्याकडे पोथ्यांच्या बासनात ठेवत. कसर दूर ठेवायला त्या मी अजून ठेवतो, फक्त कापडात बांधून, पुस्तकाला न चिकटवता. डांबराच्या गोळ्या पानांत टाकू नका. पुस्तकात किडा शिरलाच असेल, म्हणजे पानांतून बारीक भुसा पडत असेल, तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव जमतं.

बुरशी दिसली तर पुस्तक आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. ओली बुरशी पुसू नका, पसरते. पंख्याच्या वाऱ्यावर, उन्हात नव्हे, पूर्ण कोरडी झाली की मऊ कुंचल्याने घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झटका. तांबूस ठिपके मात्र आहेत तसे राहू द्या. ते घालवायला कुणी ब्लीच लावायला सांगितलं तर ऐकू नका.

विसाव्या शतकातल्या पुस्तकांना आणखी एक धोका आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. हाफटोन फोटो छापायला गुळगुळीत, वरून लेप दिलेला आर्टपेपर वापरत. १९२७ मध्ये चँपियनने कॅमेऱ्याने टिपलेल्या वाघांचं पुस्तक काढलं, तशी पुस्तकं आठवा. हा कागद एकदा भिजला आणि तसाच सुकला की पानं एकमेकांना विटेसारखी चिकटतात. मग ती वेगळी होत नाहीत. कौलांतून गळती झालीच तर अशी पुस्तकं सगळ्यात आधी उचला, ओली असतानाच पानांत बटरपेपर घाला.

बाइंडरविषयी. माझ्या स्टर्नडेलची शिवण सुटली होती. मी विश्वासाने एकाकडे दिला. त्याने नवा सुंदर पुठ्ठा घातला, सोनेरी अक्षरं उमटवली, आणि कडा सरळ दिसाव्यात म्हणून मशीनवर तिन्ही बाजू कापल्या. दोन चित्रांखालची नावं अर्धी गेली. त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे चांगलंच काम केलं होतं. मी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही कागदावर लिहून द्या: कडा कापायच्या नाहीत, जुना कणा फेकायचा नाही, फेव्हिकॉल नको, मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीच लावू नका, आणि लॅमिनेशनचा तर विचारही नको.

चतुर्थीच्या आधी घर साफ होतं तेव्हा एकदा, आणि दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पुस्तकं बाहेर निघतात तेव्हा एकदा, प्रत्येक पुस्तक उघडून पहिली दहा आणि शेवटची दहा पानं तपासा. कसर कडेकडेनेच सुरू होते.

कायद्याचं थोडं

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि हस्तलिखितांच्या बाबतीत पंचाहत्तर वर्षांहून जुनी, परदेशी पाठवण्यावर निर्बंध आहेत. जुनं पुस्तक बाहेरच्या मित्राला भेट पाठवायचं असेल तर आधी जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा. आणि जुन्या घरात पुस्तकांबरोबर शिंगं, कातडी, हस्तिदंत दाखवलं गेलं तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यवहार गुन्हा आहे, आणि आपल्याला प्राणी पुस्तकात आणि रानातच हवा आहे.

वही

प्रत्येक पुस्तकाला एक पान द्या. नाव, साल, गाव, छापखाना, चित्रं किती हवीत आणि किती आहेत, कुठून, कधी, कितीला घेतलं, कुठे डाग आहे. पुस्तकाच्या आत पेनाने काही लिहू नका. मऊ पेन्सिलने मागच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक क्रमांक पुरे. मी गव्याच्या प्रत्येक चित्रासाठी वेगळी ओळ ठेवतो: कणा दाखवला आहे का, मोजे पांढरे आहेत का, शिंगं कशी वळली आहेत, चित्रकाराने जनावर पाहिलं असावं का. काही वर्षांनी या ओळी वाचताना लोकांना गवा हळूहळू नीट कसा दिसायला लागला ते समजतं.

या वहीची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तिच्यावर घरच्यांसाठी मराठीत स्पष्ट लिहा की ही पुस्तकं रद्दी नाहीत, ती फोडून विकायची नाहीत, आणि कुणाला नको झाली तर कुठल्या ग्रंथालयात फोन करायचा. मी माझ्या मुलीला वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती यादी मोठ्याने वाचायला लावतो. यंदा ब्लॅनफर्डच्या दुसऱ्या भागापाशी ती थांबली आणि म्हणाली, बाबा, आपण मोल्याला पाहिलेला तो मोठा, त्याचे पाय यापेक्षा पांढरे होते. मी ते तिच्याच हाताने वहीत लिहून घेतलं.